मिरवायला आवडतं का?

‘ताई, मी चाकणच्या एका कारखान्यात एचआर सांभाळते. राहायला कोथरूडला, त्यामुळे दिवसाचे तीन तास कंपनीच्या बसमध्ये जातात. आमचं मुख्यालय अमेरिकेत आहे. तिथून निरोप आलाय की दिवाळीच्या आत साठ जणांची ‘पर्सनॅलिटी टाइप’ चाचणी उरका. ऑफिसच्या लोकांची इंग्रजीतून, शॉपवरच्या सुपरवायझरांची मराठीतून, आणि भाषांतर मीच करायचं. निकालाची चार इंग्रजी अक्षरं, म्हणजे स्वभावाच्या चार बाजूंसाठी एकेक अक्षर, प्रत्येकाच्या आयकार्डवर छापणार आणि त्यावरूनच सहा जणांना लीडरशिप प्रोग्रॅमला घेणार. सरावासाठी मी दहा जणांना फॉर्म दिले. आमचे स्टोअरचे काका, वय ५४, ‘इंट्रोव्हर्ट’, म्हणजे अंतर्मुख, निघाले आणि साहेबांनी त्यांचं नाव तिथल्या तिथे खोडलं. पण शॉपमध्ये कुणाचं कुणाशी वाजलं की दोन्ही पार्ट्या काकांकडेच जातात! माझी स्वतःची गंमत वेगळीच. ऑफिसात इंग्रजी फॉर्म भरला तर मी ‘एक्स्ट्रोव्हर्ट’, घरी माझंच मराठी भाषांतर भरून पाहिलं तर ‘इंट्रोव्हर्ट’. मग खरी मी कोणती? आणि पार्टीत सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे असलेलं आवडतं का, हा चौदावा प्रश्न मराठीत लिहायचा कसा? तीन मसुदे सोबत जोडलेत. आठवडा झाला, तिथेच अडकलेय.’

– चौदाव्या प्रश्नावर अडकलेली

तुमचे तिन्ही मसुदे वाचले. ‘समारंभात आकर्षणाचा केंद्रबिंदू व्हायला आवडते का?’ हा पहिला. असं फक्त सूत्रसंचालक बोलतात. ‘सगळ्यांनी आपल्याकडे बघावं असं वाटतं का?’ हा दुसरा. तो वाचून सुपरवायझर आधी शर्टाची बटणं चाचपेल. तिसरा, ‘चारचौघांत मिरवायला आवडतं का?’ हा तिन्हींत अस्सल मराठी, आणि म्हणूनच कुचकामी. मिरवणूक गणपतीची निघते, माणसाने मिरवायचं नसतं, हे आपल्याकडे पोराला चालता यायच्या आधी शिकवतात. या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा सुपरवायझर तुम्हाला अख्ख्या चाकणात मिळायचा नाही. सगळ्यांनी ‘नाही’वर खूण केली की मुख्यालयाला वाटेल, चाकणला एकजात अबोल माणसं भरलीत. तुमच्या कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं बसलेल्या कुणालाही हे पटणार नाही.

चूक तुमच्या मराठीची नाही. इंग्रजीत, निदान अमेरिकन इंग्रजीत, ते वाक्य साधं आहे. त्यात थोडं कौतुकच आहे. आपल्याकडे बोलक्या माणसासाठी शब्द बघा: आगाऊ, तोंडाळ, पुढेपुढे करणारा, शायनिंग मारणारा. गप्प माणसाला आपण घुमा, एकलकोंडा म्हणतो खरं, पण त्याच्यासाठी पोक्त, मितभाषी, भारदस्त असे मानाचे शब्दही राखून ठेवतो. तराजूची दोन्ही पारडी मुळात सारखी नाहीत. अशा भाषेत प्रश्न उतरला की उत्तरात माणसाचा स्वभाव किती आणि त्याची रीतभात किती, हे वेगळं काढता येत नाही.

हे मी भोसरीत शिकले. १९९३ साल. मानसशास्त्रात एम. ए. होऊन फार दिवस झाले नव्हते आणि एका कारखान्यात अशीच एक प्रश्नावली मराठीत करून नेली होती. कँटीनची टेबलं पुसून ओली होती, त्यामुळे कागदांना खालून चहाचे डाग लागले. ४० माणसं, हातात पेन्सिली, समोर भिंतीला टेकून त्यांचे मॅनेजर उभे. पहिला प्रश्न आला, ‘मॅडम, बरोबर उत्तर कुठलं?’ मी म्हटलं, यात बरोबर-चूक काही नसतं, जे वाटतं ते लिहा. यावर आख्ख्या कँटीनमध्ये कुणीही विश्वास ठेवला नाही. का ठेवावा? साहेब समोर उभे असताना ज्याला बरोबर उत्तर नाही असा कागद त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. एकाने सगळीकडे ‘हो’वर खुणा केल्या. ‘मी शांत आहे’ यालाही हो आणि ‘मी चटकन चिडतो’ यालाही हो. विचारलं तर म्हणाला, ‘नाही लिहिलं तर वाटेल, माणूस अडवाअडवी करतोय.’ आणखी एकाने फॉर्म घरी न्यायची परवानगी मागितली. ‘माझा स्वभाव माझ्यापेक्षा बायकोला माहीत.’ तेव्हा मी हसले होते. आज वाटतं, त्या ४० जणांत त्यालाच चाचणी कळली होती.

सगळ्याला हो म्हणण्याच्या या सवयीचा मानसशास्त्रात रीतसर अभ्यास झालाय. खुणा करायच्या सवयीही जागोजागी वेगळ्या: पाच-सात पर्याय दिले तर कुठे लोक टोकाच्या खुणा करतात, कुठे मधल्या. जपान, तैवानमधली मुलं अमेरिकन मुलांपेक्षा मधल्या पर्यायांकडे जास्त झुकतात, हे १९९५च्या एका अभ्यासात दिसलं होतं. शिवाय माणूस स्वतःला मोजतो ते शेजाऱ्याशी तुलना करून. तुमचा लाइन लीडर ‘मी फारसा वक्तशीर नाही’ लिहितो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर शिफ्टचा भोंगा आहे आणि महिन्यातून दोनदा त्याला तीन मिनिटं उशीर होतो. वीस मिनिटं उशिरा ऑनलाइन मीटिंगला येणारा ऑफिसर स्वतःला छान वक्तशीर समजतो. तक्त्यात मात्र दोघांचे आकडे एका रांगेत बसतात.

माझी आवडती अडचण मात्र दुसरीच आहे. तुमच्या फॉर्ममध्ये ‘तुम्ही निर्णय विचाराने घेता की भावनेने?’ अशा वळणाचे सात-आठ प्रश्न आहेत. ते तुम्ही झटक्यात उतरवलेत, कारण शब्दांना शब्द मिळाले. आता स्टोअरच्या काकांना विचारा, ‘निर्णय कशाने घेता?’ ते म्हणतील, ‘मनाने.’ झालं! आपल्या मनात विचार येतो, मनाला एखादी गोष्ट लागते, मन खातं, हिशेबही मनातल्या मनात होतो. ‘माझं मन घेत नाही’ असं काका म्हणतात तेव्हा त्यात आकडेमोड असते, अनुभव असतो, समोरच्याबद्दलची कणवही असते. त्या एका शब्दाचे दोन तुकडे करून अर्धा डावीकडे आणि अर्धा उजवीकडे ठेवा असं आपण त्यांना सांगतोय. ते बिचारे कुठेतरी खूण करतील, कारण जागा रिकामी ठेवू नका असं तुम्ही वर ठळक छापलंय.

आणि त्या चार अक्षरांतल्या एकाचं नाव, ‘जजिंग’, तुम्ही ‘न्यायनिवाडा करणारे’ केलंय, ते आधी काढा. या पद्धतीत त्याचा अर्थ कामं मार्गी लावून मोकळं व्हायला आवडणारा, एवढाच आहे. न्यायनिवाडा करणारे म्हटलं की अर्धे सुपरवायझर स्वतःला सरपंच समजून खूण करतील.

ही चार अक्षरं मुळात आली कुठून, हे तुमच्या साहेबांना माहीत असलेलं बरं. स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१मध्ये माणसांच्या प्रकारांवर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यातल्या कल्पना घेऊन कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘मायर्स-ब्रिग्ज’ ही प्रश्नावली तयार केली. दोघींपैकी एकीनेही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. युद्धामुळे कारखान्यांत नव्याने येणाऱ्या बायकांना आपल्याला कुठलं काम मानवेल ते कळावं, हा हेतू होता. मला त्या मायलेकींबद्दल आदर आहे. माणसं वेगवेगळी असतात आणि त्यात कुणी बिघडलेला नसतो, हे त्यांनी लाखो लोकांच्या गळी उतरवलं. पण खुद्द युंगचं म्हणणं होतं की निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख असा माणूस नसतो. बहुतेक माणसं मध्याच्या आसपास असतात, आणि प्रश्नावली नेमकी मध्यावर रेघ मारते. म्हणून काही आठवड्यांनी तोच फॉर्म पुन्हा भरला तर बऱ्याच जणांचं एखादं अक्षर पालटतं. आयकार्ड मात्र तेच राहतं.

‘पण ताई, माझं वर्णन अगदी तंतोतंत जुळलं!’ असं तुमच्या दहांपैकी आठ जण म्हणाले असतील. १९४८मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हातात त्याचं म्हणून वर्णन ठेवलं. मुलांनी ते किती जुळतं याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं राशिभविष्याच्या पुस्तकातली होती. ‘वरून कडक, पण आतून मऊ’ हे फणसाचं वर्णन कुठल्या मराठी बापाला जुळत नाही, सांगा.

आपण हसायचं कारण नाही म्हणा. पत्रिकेत राक्षसगण आला म्हणून चांगल्या मुलींची स्थळं परत गेलेली मी माझ्याच चुलत घराण्यात पाहिलीत. जपानमध्ये रक्तगटावरून स्वभाव ठरवायची हौस इतकी वाढली, की त्यावरून होणाऱ्या छळाला वेगळा शब्दच तयार झाला. कोरियातली तरुण मुलं ओळख करून देताना नावाबरोबर ही तुमची चार अक्षरं सांगतात. माणसाला माणूस पटकन ओळखायची घाई सगळीकडे सारखीच आहे.

आता जरा गंभीर गोष्ट. तुम्हाला वाटेल, हा एका जुन्या चाचणीचा दोष आहे आणि नव्या, शास्त्रशुद्ध चाचण्यांचं तसं होत नसेल. त्या बऱ्याच बऱ्या आहेत, नाही म्हणत नाही. संशोधक आज जास्त करून पाच मोठ्या गुणांची मोजणी वापरतात: बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, कामातली शिस्त, मनाची अस्थिरता आणि नव्याची ओढ. त्यात माणसाला खोक्यात न घालता पट्टीवर ठेवतात. पण तीही सगळीकडे चालत नाही. बोलिव्हियात ॲमेझॉनच्या खोऱ्यात त्सिमाने नावाचे लोक राहतात. थोडी शेती, थोडी शिकार, मासेमारी. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्यातल्या ६३२ जणांना ही प्रश्नावली त्यांच्या भाषेत विचारली होती. पाच गुण काही केल्या वेगळे निघाले नाहीत. आकड्यांतून वर आले ते ढोबळ दोनच: माणूस इतरांशी किती मिळून वागतो आणि किती कष्ट उपसतो. मनमिळाऊ आणि कष्टाळू! आपल्या वधूवर सूचक मंडळांच्या वह्यांत वर्षानुवर्षं हेच दोन शब्द आहेत, हे वाचून मला गंमत वाटली होती.

उलट बाजूने हाँगकाँगच्या मानसशास्त्रज्ञ फॅनी च्युंग यांनी वेगळा रस्ता धरला. परकी प्रश्नावली उतरवण्याऐवजी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनी माणसं एकमेकांबद्दल बोलताना काय बोलतात तिथून सुरुवात केली. त्यातून नात्यांची देवघेव, चारचौघांत समोरच्याची लाज राखणं, सलोखा सांभाळणं असा एक गठ्ठाच हाती लागला. पाश्चात्त्य चाचण्यांत त्याला धड जागा नव्हती. आपल्याकडेही ही दृष्टी नवी नाही. स्वातंत्र्यापूर्वी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, म्हणजे नुसती उतरवली नाही. प्रश्न बदलले, इथल्या मुलांवर तपासले, इथल्या मुलांचे आकडे काढले. पुण्यात सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनीत मराठीतून चाचण्यांचं काम पूर्वीपासून चालतं. एखाद्या दुपारी तिथे जाऊन या. एक चाचणी मराठीत आणायला किती हात लागतात ते बघितलंत की आठवडाभर अडकल्याचं वाईट वाटणार नाही. एक जण उतरवतो. दुसरा, मूळ कागद न बघता, ते परत इंग्रजीत नेतो. दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून कुठे घसरलं ते शोधतात. मग पाच-दहा माणसांसमोर बसून ‘या वाक्याचा तुम्ही काय अर्थ लावलात?’ असं एकेक प्रश्न विचारतात. त्यानंतर शेकडो लोकांवर चाचणी. हे सगळं तुम्ही एकटीने कोथरूड-चाकण बसमध्ये करावं अशी मुख्यालयाची अपेक्षा आहे.

काकांविषयी. चाचणीने त्यांना अंतर्मुख म्हटलं ते कदाचित खरंही असेल. मला त्यावर वाद घालायचाच नाही. मला खटकतं ते ‘म्हणून नाव खोडलं’ हे. भांडण झालेल्या दोन माणसांना चार माणसांत बोलणारा नको असतो. ऐकून घेणारा आणि बाहेर न बोलणारा हवा असतो. काका तेच करतात, आणि कदाचित गप्प स्वभावामुळेच करू शकतात. नेतृत्व म्हणजे मीटिंगमध्ये पहिला हात वर करणं, हे ज्या फॉर्मने आधीच धरून चाललंय त्यात काका बसणार कसे? सहा जण निवडायचेच असतील तर शॉपमधल्या प्रत्येकाला चिठ्ठीवर एकच प्रश्न विचारा: ‘मशीन बंद पडलंय, साहेब फोन उचलत नाहीत, तर तुम्ही कुणाकडे जाल?’ नाव लिहून डब्यात टाकायचं, स्वतःचं लिहायचं नाही. त्या चिठ्ठ्या अमेरिकेला पाठवा. भोसरीच्या त्या माणसाने बायकोला विचारायची परवानगी मागितली होती, ती आता आपण देऊ.

मुख्यालयाशी भांडू नका. भांडायची गरजच नाही. या चाचणीच्या प्रकाशकांचाच नियम आहे की ती नोकरभरतीसाठी किंवा निवडीसाठी वापरू नये, भरणाऱ्याने ती स्वखुशीने भरावी, निकाल आधी त्याच्या हातात द्यावा आणि ‘हे माझं वर्णन नाही’ म्हणायचा शेवटचा हक्क त्याचाच. शिवाय प्रश्नावलीवर मालकी हक्क आहे. परवानगीशिवाय भाषांतर करून वाटणं कायद्यात बसत नाही, आणि उद्या काही निघालं तर भाषांतरकार म्हणून नाव तुमचं असेल. इंटरनेटवर फुकट मिळणारी, चार अक्षरांपुढे आडवी रेघ देऊन पाचवं अक्षर लावणारी चाचणी तर मूळ चाचणी नव्हेच. तुम्हाला दिलेला फॉर्म यातला कुठला, हे आधी विचारा. मेलमध्ये एवढंच लिहा: ‘प्रकाशकांच्या नियमांनुसार निवडीसाठी ही चाचणी वापरता येत नाही आणि मराठी आवृत्तीसाठी लेखी परवानगी लागेल. ती मिळेपर्यंत आयकार्डवरची छपाई आणि निवड दोन्ही थांबवत आहे. निवडीसाठी पर्यायी पद्धत सोबत जोडली आहे.’ असल्या मेलला अमेरिकेतला कायदा विभाग तुमच्या साहेबांपेक्षा लवकर उत्तर देतो.

ज्यांना हौस आहे त्यांनी इंग्रजी फॉर्म जरूर भरावा. शनिवारी चहावर बसून ‘तुला आधी विचार करायला वेळ लागतो आणि मला बोलता बोलता सुचतं’ एवढं दोन माणसांना एकमेकांविषयी कळलं तरी वर्षभराच्या कुरबुरी कमी होतात. चाचणीचा हा उपयोग मी पुष्कळदा पाहिलाय. फक्त तो कागद ज्याचा त्याच्या खिशात राहू दे.

राहिलात तुम्ही. ‘खरी मी कोणती’ या प्रश्नाने घाबरून जाऊ नका. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही येणाऱ्या लोकांना दोन्ही भाषांत प्रश्नावली दिली तेव्हा इंग्रजीत ते जास्त बहिर्मुख निघाले, हे २००६मध्ये प्रसिद्ध झालंय. तुमच्या बाबतीत तर भाषाच नाही, खुर्चीही बदलली. इंग्रजी फॉर्म भरताना तुम्ही एचआर मॅनेजर होतात, पुढ्यात लॅपटॉप, गळ्यात आयकार्ड. मराठी फॉर्म तुम्ही स्वयंपाकघराच्या टेबलावर भरलात, आणि तुमच्याच पत्रात पुढे कुठेतरी आहे की बाहेरच्या खोलीत सासूबाईंची मालिका चालू होती. तिथे ‘तुम्ही आपलं मत ठामपणे मांडता का?’ या प्रश्नाचं उत्तर देताना हात जरा थबकला असेल, तर मला नवल वाटत नाही. दोन्ही कागद खरे आहेत. तिसरा भरायचा असेल तर माहेरी, आईजवळ बसून भरा. कुठलं अक्षर येतं ते मलाही बघायचंय.

आणि चौदाव्या प्रश्नाचं भाषांतर खरंच जमलं, ‘मिरवणं’ नको आणि ‘केंद्रबिंदू’ही नको असा साधा, न टोचणारा मराठी शब्द सापडला, तर कळवा. १९९३पासून शोधतेय.